अर्धा सेकंद, घोडपदेव

फ्लॅश नको, हे वैजयंतीने दारातच सांगितलं.
दुपारी डॉक्टरांनी थेंब घातलेत सासऱ्यांच्या डोळ्यांत,
बाहुल्या अजून एवढ्या मोठ्या आहेत.
तिने बोटांनी दाखवलं, जरा जास्तच.

कोळंबकर खाटेवर बसलेले, डोळ्यांवर हिरवा चष्मा.
माझगावच्या गोदीत छत्तीस वर्षं वेल्डर.
"मोतीबिंदूसकट काढ," म्हणाले,
"परवा काढून टाकतायत. एवढी वर्षं सांभाळलाय."

ट्यूब बंद केली.
खिडकीसमोर गोदामाची भिंत,
तिच्यावरून घसरत आलेला उरलासुरला उजेड
चाळलेल्या पिठासारखा.
मी म्हटलं, खुर्चीवर बसा, इकडे.
वीतभर पुढे. आणखी चार बोटं.
गालाचं हाड उजळलं.
बस्स.

तिपाई घरी विसरलेली.
वैजयंतीने पाच किलो तांदळाची पिशवी आणून दिली,
ती स्टुलावर ठेवली, मधोमध खळगा केला,
कॅमेरा त्यात बसला अंडं घरट्यात बसावं तसा.
आयएसओ सोळाशे. याच्यावर गेलं
की सावलीत दाणे पडतात, मी म्हणालो.
"पडू देत," ती म्हणाली, "तांदूळ आमचेच आहेत."

भिंग पूर्ण उघडलं.
कोळंबकरांनी चष्मा काढला.
काळी, सताड उघडी भोकं समोरासमोर,
मिळेल तेवढं आत घेत.

"किती वेळ लागतो?"
अर्धा सेकंद. हलायचं नाही.
ते हसले.
"अर्ध्या सेकंदात टाका मारायचो आम्ही,
प्लेटला प्लेट. हात हलला की गेली."

पहिले तीन हलले. ते नव्हे, मी.
"श्वास धरू नकोस," ते म्हणाले,
"धरलास की छाती थरथरते.
सोड. सगळा सोड.
सुटल्यावर जरा जागा असते,
तिथे हात आपला राहत नाही. तेव्हा दाब."
मी दाबलं.
चौथा बरा होता.

मग कुणीतरी गॅलरीतला दिवा लावला,
पांढराफटक उजेड उंबऱ्यावरून आत सांडला,
त्यांनी मान फिरवली.
वैजयंती जाऊन दारात उभी राहिली,
पदर दोन्ही हातांनी ताणून,
आणि खोली पुन्हा खोलीसारखी झाली.

वाट पाहताना ते सांगत होते:
पहिल्याच महिन्यात काचेशिवाय आर्क पाहिला.
रात्रभर डोळ्यांत वाळू.
आईने बटाट्याचे काप ठेवले, बापाने शिव्या घातल्या.
"पण बघायचं होतं रे.
सगळे एकच सांगायचे, बघू नको.
छत्तीस वर्षं ज्याच्यापुढे उभं राहायचं
त्याचं तोंड एकदा तरी बघायला नको?"

सहा वाजून बावीस मिनिटं.
भिंतीचा उजेड आता विटांतच मुरत चाललेला.
त्यांना दिसेनासा होण्याआधी एक, दोन,
आणि सातव्याला,
मी श्वास सोडला, बटण दाबलं,
आणि त्यांचा डावा हात उठला.
कुणी सांगितलं नव्हतं.
खटक् ऐकू आलं की मुखवटा खाली ओढायचा,
एवढंच त्या हाताला ठाऊक.

पडद्यावर आलं ते त्यांच्यापुढे धरलं.
"दिसत नाही मला. सांग."
डावा गाल आहे. कान अर्धा.
मागे कॅलेंडर आहे, तारीख वाचता येत नाही.
"हात?"
हात नाही. हाताच्या जागी धूर आहे थोडा.
"असणारच. आणि मोती?"
आहे. उजव्या डोळ्यात.
राखाडी. खिडकी पडलीय त्यात, गजांसकट.

ते जरा वेळ बोलले नाहीत.
मग चाचपून चष्मा शोधला, घातला,
"वैजू, लाव ट्यूब," म्हणाले,
"आणि ते तांदूळ डब्यात ओत. उद्या लागतील."