चार वाजून दहा मिनिटांचं ऊन

एकतीस वर्षं मी नकाशे तपासले,
इंदूरच्या नगर निगमात, दुसऱ्या मजल्यावर,
पंख्यानं उडू नये म्हणून
कागदावर नर्मदेतला एक गोटा ठेवून.
पुढे दहा फूट सोडा, मागे पाच.
जिन्याला उजेड, न्हाणीघराला खिडकी.
हिरव्या शाईनं एवढंच लिहीत आलो.
शहराबद्दल मत
मला कधी कुणी विचारलं नाही.

आता विचारतात.
नेहरू पार्कातल्या बाकावर
आम्ही पाच निवृत्त, आणि मतं सात,
कारण टाकळकर एकटेच तीन बाळगतात.

टाकळकर म्हणतात, काच ही आपल्या मातीची वस्तूच नव्हे.
माळव्यात भिंत जाड हवी, खिडकी खोल हवी.
म्हणतात, आणि घरी जाऊन
निपानियाच्या चौदाव्या मजल्यावर
गाढ झोपतात.
"काय आहे, वर वारा छान येतो हो."

हेमलताबाई म्हणतात, बांधा की उंच,
हवं तर ढगात बांधा,
पण पायथ्याशी एक कट्टा ठेवा.
भाजीची पिशवी टेकवायची सोय नाही
त्याला मी इमारत म्हणत नाही.

लालवानींचा धाकटा हसतो.
काकासाहेब, इलेव्हेशन विकतं. बाकी सगळं आत असतं.
त्याच्या नव्या दारापुढे चार रोमन खांब आहेत.
मी एकाला टिचकी मारून पाहिली,
मडक्यासारखा वाजला.
वर मात्र कबुतरांचा संसार,
त्यांना खांब खराच वाटलेला.

माझं मत?
थांबा, सांगतो.

स्नेहलतागंजात यासीन मास्टरचं शिलाईचं दुकान,
उत्तरेला तोंड, चाळीस वर्षं अंधारं.
भरदुपारी दिवा लावून काज करायचे.
समोर अकरा मजली निळी काच उभी राहिली
तेव्हा त्या फाइलवर मी तीन आक्षेप घेतले होते:
पार्किंग, आग आणि चकाकी.
तिसरा वरच्या कुणीतरी खोडला,
बाजूला लिहिलं, "अप्रस्तुत".

तर कार्तिक सरता सरता
चार वाजून दहा मिनिटांनी
त्या काचेवरून ऊन निसटतं,
रस्ता ओलांडतं,
आणि मास्टरच्या मशीनवर येऊन बसतं.
पंचवीस मिनिटं. रोज. माघापर्यंत.
परवा ते सुई उन्हात धरून म्हणाले,
"साहेब, ह्या उन्हाचा नकाशा कुणी पास केला?"
मी चहा ढवळत राहिलो.
साखर केव्हाच विरघळली होती.

आणि इमारतीच्या मागच्या गल्लीत
बक्षींची सून, मृदुला,
तेल लावलेलं तान्हं दुपट्यात गुंडाळून
दोन गल्ल्या चालत जाते,
देवळाच्या पायरीवर, जिथे अजून ऊन येतं.
तिनं तक्रार केलेली नाही.
कुणाकडे करणार, आणि अर्जात लिहिणार काय?

ऊन संपत नाही, एवढं मला कळलंय.
आमच्या खात्याच्या भाषेत
त्याचं नामांतरण होतं.
एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर,
सही नाही, शिक्का नाही,
हरकतीची मुदत नाही.

कुठल्या खोलीला किती उजेड, याचा रकाना
प्रत्येक नकाशात असायचा.
तो उजेड कुणाच्या अंगणातून आणला, याचा नव्हता.
एकतीस वर्षांत
मलाही तो आखावासा वाटला नाही.

मास्टरच्या शेजारचा प्लॉट आता पत्र्यानं झाकलाय.
पत्र्यावर चित्र: कारंजं, लॉन,
आणि सावली नसलेली माणसं.
नकाशा म्हणे संगणकच तपासतो,
चुकत नाही, चहाही पीत नाही.

मी माझी एक जुनी पँट
आखूड करायला टाकली आहे.
गरज काहीच नव्हती.
मास्टर म्हणाले, सकाळी या, मोकळा असतो.
म्हटलं, नको.
चारला येतो.