दे–१४

देगलूरच्या पुढे, हणेगावच्या वाटेवर
काळा दगड संपतो.
अलीकडे बुटाला चिकटणारी माती,
पलीकडे तांबूस बरड आणि गोल गोल गुंड,
कुणी रचून ठेवून विसरून गेल्यासारखे.
नकाशावर ही सीमा एक बारीक रेघ आहे.
इथे ती बोरीच्या झुडपाखालून जाते,
शाळेच्या मैदानातून,
आणि दुर्गप्पा धोत्रेच्या खाणीतून.

दुर्गप्पा दगड आधी ऐकतो.
हातोडीची एक टिचकी, मान वाकडी.
"ह्यो वाजायलाय. ह्यो मुका, आत पानी शिरलंय ह्येच्या."
मी भिंग लावते. मुक्यात खरोखरच पांढरे ठिपके,
जुन्या बुडबुड्यांत भरलेलं झिओलाइट.
बाद.
मला हवा गाभ्यातला, मुठीएवढा, न कुजलेला,
ज्यानं कुणाकडून काही घेतलेलं नाही असा.
(असा असतो, असं मला तेव्हा वाटे.)

लेकीला हाक मारून तो म्हणतो, नीळ्ळु.
तांब्या माझ्यापुढे करून म्हणतो, पानी घ्या.
मग विचारतो, "कामून न्यायलाव?"
म्हटलं, ह्याचं गाव शोधायचंय.
तो हसला. "दगडाचंबी?"

रेश्माच्या दाखल्यासाठी
तो चारदा तहसिलीत जाऊन आलाय.
"म्हनायलेत, एकसष्टच्या आदी बाप कुठं ऱ्हात व्हता, पुरावा आना.
कुठं ऱ्हात व्हता? जिथं धरन, तिथं. जिथं हीर, तिथं.
धरनावर काय आमचं नाव लिव्हलंय?"
मी पिशवीवर लिहिलं: दे–१४.

हैदराबादेत अंगठी काढून ठेवली. बांगड्याही.
सोन्याचा कणभर अंश चालत नाही आत.
दुर्गप्पाच्या हातोडीचा वण असलेली कड
करवतीनं कापून टाकली.
अकीकाच्या खलात उरलेलं घोटलं,
आम्लात तीन दिवस,
मग तारेवर एक थेंब.
यंत्र अणूंना वजनावरून वेगळं करतं:
स्ट्रॉन्शियम सत्त्याऐंशी, स्ट्रॉन्शियम शहाऐंशी,
एकच नाव, एकच घर,
फरक एका न्यूट्रॉनचा.

थेट खालून, प्रावरणातून आलेल्याचं गुणोत्तर
शून्य पूर्णांक सात शून्य चार.
दे–१४ चं आलं सात एक तीन.
बेरियम जास्त, शिसं जास्त, निओबियम कमी.
म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर येताना
हा वाटेत थांबला होता.
अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटच्या पोटात,
जिथे रुबिडियम कसलीच घाई न करता
स्ट्रॉन्शियम होत बसलं होतं,
तिथे हा टेकला,
भिंती थोड्या वितळवल्या, पोटात घेतल्या,
आणि मग उजेडात येऊन थंड झाला
आतला सगळा हिशेब तसाच ठेवून.

शोधनिबंधात ह्याला शब्द आहे: कवच-दूषण.
मी तो नऊ वेळा लिहिला.
दहाव्यांदा लिहिताना
कानात नीळ्ळु आलं आणि त्याच्या मागोमाग पानी,
दोन्हींत तहान तेवढीच.
दुसरा शब्द शोधला. मिळाला नाही.
मार्गदर्शक म्हणाले, शब्द रूढ आहे, राहू द्या.

आठ महिन्यांनी फोन केला.
मागे घण पडत होता, थांबला.
"कुठला निघाला मग?"
खालचा, म्हटलं. फार खोलवरचा.
पण वाटेत इथं राहिला. इथलंही आहे त्याच्यात.
"किती?"
अंदाज आहे. शंभरात सात, आठ.
तो गप्प.
तिकडं कुणीतरी दगड वाजवून पाहत होतं, बहुधा रेश्मा,
एक मुका, एक बोलका, परत एक मुका.
"आठ," तो म्हणाला.
"तेवढ्यावर दाखला देतेत का त्येला?"

अर्धा चमचा भुकटी कुपीत उरलीय.
चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, अक्षांश, रेखांश.
खाली रकाना: नमुना कोणी निवडला.
तिथे माझं नाव आहे,
माझ्याच अक्षरात.