फ्रुमाची वही

फ्रुमा म्हणजे देवभोळी.
नाव आईनं ठेवलं, मिन्स्कजवळच्या खेड्यात.
विनिपेगला पोचली तेव्हा
त्यातला देव ती बोटीवर ओकून आली होती.

दिवसा काजं करायची, डझनाला चार सेंट.
रात्री कापड बेतायच्या कागदावर लिहायची,
उजवीकडून डावीकडे,
शाई गोठली की दौत काखेत धरून.

संपाच्या सहाव्या दिवशी पोलीस आले.
साहेबानं वही उलटी धरली, सुलटी धरली.
"काय आहे हे?"
"बिटाचं सूप," ती म्हणाली.
वही गेली. तीही गेली, अकरा महिने.

परवा सरकारी दप्तरातून वही सुटली.
पानोपानी शिक्का: राजद्रोही मजकूर.
आम्हा नातवंडांना यिडिश येत नाही;
एका म्हाताऱ्या शिंप्याकडून वाचून घेतली.
मध्येच तो थांबला, चष्मा पुसला, हसला.

बिटं एक पोतं. कांदे जमतील तेवढे.
माणसं दोनशे चाळीस,
शिवाय युक्रेनी बायका, त्यांची पोरं.
मीठ ज्यानं त्यानं घरून आणावं,
चिमूटभर.
ज्याच्या घरी नसेल
त्यानं ढवळायला यावं.