चार मीटर

वॉर्डाबाहेरच्या पडवीत लाल चिकटपट्टीच्या दोन रेघा,
मधे चार मीटर फरशी.
"नेहमीच्या चालीनं चाला," म्हणालो
आणि घड्याळाचं बटण दाबलं.

शेवंती गिरप, निवती, वय एक्क्याऐंशी,
दोन पावलं नीट टाकून
तिसऱ्याला थांबल्या.
बाकावर एक बाळंतीण होती.
"खंयसून इलंस गो बाय?"
मग आई कोणाची, मामा कुठला,
मग उरलेली फरशी.

एकोणीस सेकंद.
यातले आजाराचे किती, ओळखीचे किती?
कागदावर रकाना एकच.

पकड मोजायच्या यंत्रात
काटा नऊवर येऊन थरथरला.
त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं.
"ह्येका खवळे खंय हत?
बांगडो दी हातात, मगे मोज."
वजन घटलं का? ते ठाऊक नाही,
पोलक्याला वर्षात दोनदा टीप घातली.
दमायला होतं?
"बसल्यार दमतंय, उभी ऱ्हवल्यार नाय."

पित्ताशयात खडा. दोनदा कळ येऊन गेलेली.
सावंतवाडीचा सर्जन माझ्या आकड्यासाठी थांबलाय.
मुलगा उमाकांत होडीवरून तसाच आलेला,
पोटऱ्यांना वाळू, हातात फाईल:
"वय बघून नको म्हणणार असाल तर आत्ताच सांगा."
वय नाही बघत, म्हटलं.
गेल्याच आठवड्यात पंच्याऐंशीचे एक गृहस्थ
टाके कधी निघतील, माडावर कधी चढू, विचारून गेले.

मला ते तिसरं पाऊल सोडेना.
बोलायचं तर ज्यांना थांबावं लागतं
ती माणसं पुढे पडतात, असं मी शिकलोय.
माणूस दिसलं की थांबावं,
असं त्या शिकल्यात, माझ्या जन्माआधी.

म्हणून पुन्हा चालवलं. बाक रिकामा,
मी शेजारून, मीच बोलत:
आज लिलावात सुरमई काय भावानं गेली?
त्या थांबल्या.
भिंतीला हात लावून
भाव सांगितला, बर्फाचे पैसे वजा करून.

लिहिलं: ऑपरेशन आज नको, सहा आठवड्यांनी बघू.
कळ आली तर थेट या.
अकरा गोळ्यांतल्या पाच बंद, झोपेची सगळ्यांत आधी.
रोज दोन अंडी, मिळतील तेव्हा तिसऱ्या.
हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठायचं.
"खुर्ची खंय आसा घरात?"
मग खुर्ची खोडून
मासळीचा खोका, उलटा.

जाताना उमाकांतनं खांदा पुढे केला.
त्यांनी धरला नाही.
उंबऱ्यापाशी मात्र धरला,
कोणी बघत नाहीसं बघून.

मी बघितलं.
फाईल पुन्हा उघडून
कडेला पेन्सिलनं टिपलं: उंबरा.