बन्निदी

मुहर्रकच्या त्या गल्लीवरून विमानं इतकी खालून जातात
की बोलता बोलता सगळे थांबतात, आणि आवाज विरला की
वाक्य जिथे सुटलं होतं तिथूनच उचलतात.
मला आधी ते थांबणं आलं. बोलणं फार नंतर.

पहिल्या सकाळी उम्म राशिदनं ताट पुढे सरकवलं:
साखर-वेलचीच्या शेवया, केशराचा वास,
आणि त्यावर गोधडीसारखं पांघरलेलं आम्लेट.
मी एक कोपरा उचलला, खाली पाहिलं, परत ठेवला.
सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं.
सांगलीत हे कुणाला पटणार नाही,
पण मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. खुणेनं.

वर्गात उस्ताज वहीद घशाला बोट लावून दाखवत: ऐन.
मागून कुणीतरी अलगद गळा धरल्यासारखं अक्षर.
शेजारच्या कोरियन पोराला आठवड्यात जमलं.
मी एकेचाळीसची. माझा ऐन उचकीत जायचा.
शेवटी उपाय सांगितला नातवानं, सात वर्षांच्या मुबारकनं:
उंट चिडल्यावर सुरू करतो ना, ते. पण अर्धंच.
बदल्यात मी त्याला ळ दिला.
जिन्यावर बसून तो जीभ मागे वळवायचा, वळवायचा,
आणि 'केळं' मागताना म्हणायचा 'केलं',
काहीही न करता.

घरभर मी ओळखीचे शब्द शोधत फिरले,
परक्या लग्नात आपल्या गावचं माणूस शोधावं तशी.
कुर्सी म्हणजे खुर्चीच की! साबून, तारीख, हिसाब, बाकी,
वाण्याच्या खतावणीतली मंडळी
इथे पाय सोडून आरामात बसलेली.
मी हरखून ओरडायचे.
उम्म राशिद भात निवडता निवडता म्हणायची,
छान. आता त्याला क्रियापद लाव.

क्रियापद. तिथेच तर गाडं अडायचं.
एकाचं वेगळं, अनेकांचं वेगळं, आणि मधे दोघांचं आणखी वेगळं.
शाळेत संस्कृतात भेटलं होतं हे द्विवचन, वीस मार्कांपुरतं.
आता ज्या देशाचं नावच 'दोन समुद्र' त्या देशात बसून
रात्री घोकायचं: ते दोघं गेले, तुम्ही दोघं बसा.
कोर्टाच्या कागदावर सही करून चौदा महिने झाले होते.
मी ते पान सोडून दिलं.
उस्ताजना सांगितलं, डोकं दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी लिंबं वाळत घालताना उम्म राशिद
कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं म्हणाली,
पुस्तकातलं ते दोघांचं क्रियापद घरात कुणी वापरत नाही गं.
दोघं असले तरी आम्ही सगळ्यांचंच लावतो.
तिला कुणी सांगितलं, मला अजून ठाऊक नाही.

नवव्या आठवड्यात, शुक्रवारी,
मी दार सताड उघडं टाकून, एसी चालू ठेवून समुद्रावर गेले.
परतले तर ती जिन्याच्या तोंडाशी उभी.
सुरूच झाली. बिल किती येतं माहितीय का,
अबू राशिदचं पेन्शन केवढं, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का,
आणि ती वाळूची पावलं कोण पुसणार.
डोक्यात बसून भाषांतर करणारा कारकून
त्या दिवशी रजेवर होता बहुतेक.
सगळं कळलं. टोमण्यांसकट, श्वासांसकट.
आणि शेवटी हात नाचवत: बन्निदी! बन्निदी!

बंद कर.
आपलाच 'बंद', किंवा इराणचा, कुणाचा का असेना,
कधीतरी कुठल्याशा गलबतातून उतरलेला
आणि इथल्या बायकांच्या तोंडी राबून राबून
क्रियापद झालेला.

पाहुण्याला कुणी असं बोलत नाही.
मी मान खाली घालून उभी राहिले. डोळे भरले,
ते तिला भलतंच वाटलं, आवाज जरा उतरला.
तेवढ्यात वरून विमान गेलं.
आम्ही दोघी थांबलो.
मग तिनं उचललं, नेमकं वाळूपासून.