रकाना अकरा

रायबंदरहून चोडणला
पायी माणसाला फेरीबोट फुकट नेते.
मी चढते. पिशवीत बासष्ट कोरे फॉर्म,
रंगीत पत्त्यांचा गठ्ठा,
आणि तोंडात पाठ केलेलं एकच वाक्य:
समजा, खाजनाचा बांध पुन्हा उभा राहणार असेल,
तर तुमचं घर वर्षाला किती रुपये देईल?

'समजा' ठासून म्हणायचं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.
माणसं ते ऐकत नाहीत.
ती थेट रुपयांपाशी येऊन उभी राहतात.

एर्मेलिंदाबायनं तिन्ही पत्ते बाल्कांवावर मांडले,
खेळायला बसल्यासारखे.
क: बांध चिऱ्यांचा, रस्त्याला दिवे थोडे.
ख: दिवे खूप, बांध मातीचा.
ग: आहे तसंच.
"हुकूम कोणाचा?" तिनं विचारलं,
आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ख उचलला.
काळोखात तिचा नवरा दोनदा पडलाय.
शेत तर तिचं नाहीच.

टेकाडावरच्या नव्या बंगल्यात
एक गृहस्थ फोन कानापासून न काढता म्हणाले, "दहा हजार."
गच्चीवरून खारफुटी छान दिसते म्हणाले.
पत्ते त्यांनी पाहिलेच नाहीत.
मी दहा हजार लिहिले.

सत्यवती म्हणाली, शून्य.
तिसऱ्या विकून येतं ते घरी पोचायच्या आत संपलेलं असतं.
हे सांगताना ती माझ्याकडे नाही,
टोपलीकडे बघत होती.

निवृत्त तलाठी शाबलो म्हणाले, शून्य.
"पेट्रोलात घेतलंत, घरपट्टीत घेतलंत,
आता अंगणात येऊन परत विचारता?"
मग आतून मला कोकम सरबत दिलं,
त्यात साखर बेताचीच.

आणि मानशीपाशी नवसो.
फळ्या सरकवता सरकवता तोही, शून्य.
"पुनवेच्या भरतेक हांव रातभर हांगा आसतां," म्हणाला.
"ती रात तूं खंय बरयतली?"

मी फॉर्म उलटून पाहिला.
रकाना अकरा: इतर शेरा. बोटभर जागा.

तो बोलत राहिला, पाण्याकडे तोंड करून.
मागच्या साली मानशीची पावणी झाली.
सगळ्यांत मोठी बोली ज्याची, मासळी त्याची.
त्यानं रात्री दारं उघडी टाकली,
मासे आत यावेत म्हणून.
मासे आले. त्यांच्या मागून खारं पाणी आलं.
कोरगुटसुद्धा जळला,
जो खारात उगवतो म्हणून आजवर पेरला.
"बोली खोटी नव्हती गो बाये,
त्यानं पैसे रोख मोजले."
मग बराच वेळ फक्त फळीखालून पाणी बोलत होतं.

पणजीतल्या थंडगार खोलीत
आमच्या साहेबांनी शून्यं वेगळी करायला सांगितली.
गरिबीचं शून्य खरं, ते ठेवायचं.
रागाचं शून्य निषेधाचं, ते वगळायचं.
शाबलो गेले, कोकम सरबतासकट.
सत्यवती राहिली.
दहा हजारही राहिले.
सरासरी निघाली तीनशे बारा रुपये,
आणि ती अहवालात जाड अक्षरांत जाणार आहे.
चोडणात कोणी तीनशे बारा म्हणालं नव्हतं.

"नवसोचं शून्य कुठलं?" मी विचारलं.
साहेबांनी चष्मा पुसला.
"शेरा काय आहे?"
मी वाचून दाखवला: पुनवेची एक रात्र, दर महिन्याला.
"चांगलं आहे," ते म्हणाले, खरंच मनापासून,
"पण तो रकाना फक्त आकडे घेतो."

सहा वाजत आले होते. फेरी गाठायची नव्हती,
तरी घाई झाली.
मी 'एक रात्र'मधली रात्र खोडली,
आणि १ दाबला.

यंत्रानं तो मुकाट घेतला,
पुढे आपणहून चिन्ह लावलं.
आता नवसोच्या नावावर
एक रुपया आहे.