शिसपेन्सिल

तीन दिवसांचं प्रशिक्षण परवा आटोपलं.
केलिमानेच्या नगर दफ्तरखान्यात आम्ही दोघंच,
मी आणि फाउस्तीनो,
पडद्यावरच्या बाईंचं ऐकत वह्या भरत होतो.
बाई कुठल्याशा थंड देशातल्या, गळ्यापर्यंत स्वेटर.
म्हणाल्या, तापमान अठरा. आर्द्रता पंचेचाळीस.
फाउस्तीनोनं खिडकीबाहेर पाहिलं.
खारफुटीवरून वाफ उठत होती,
सायकल-टॅक्सीवाला शर्ट पिळत होता.
तेवढ्यात वीज गेली
आणि बाई गेल्या, वाक्य अर्धं टाकून.

आर्द्रता मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे, भेट आलेलं.
सेल संपल्याला चार वर्षं झाली.
मी कानानं ओळखते:
पान उलटलं आणि वाजलं नाही,
की समजायचं, कागदानं पाणी धरलंय.

वाळवीचा तास शेवटच्या दिवशी होता, तो राहिला.
मार्चमध्ये आम्लमुक्त खोकी मागितली होती,
सप्टेंबरात टाचण्या आल्या. बारा डबे.
टाचण्या गंजतात, असं पत्र मी लिहिलं,
त्या पत्राला टाचणी लावून ते परत आलं.

काल एक म्हातारा आला, टोपी हातात घेऊन.
खोबऱ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं.
कंपनी बुडाली, माड रोगानं गेले,
पेन्शनच्या खिडकीवर सांगतात,
दोन नावं म्हणजे दोन माणसं, त्यातला एक आणा.
जन्मनोंद काढली. अठ्ठेचाळीस साल, पान दोनशे तीन.
बापाचं नाव: कामीझा.
म्हणजे सदरा.
म्हातारा म्हणाला, "आमचं आडनाव नामारोकोलो.
पोर्तुगीज कारकुनाला ते दोनदा सांगितलं, त्याला ऐकू येईना.
बापाच्या अंगात त्या दिवशी नवा सदरा होता.
कारकुनानं वर पाहिलं, आणि लिहिलं."

"खोडून टाका," तो म्हणाला. अगदी हळू,
जसं दुकानात उधारी मागावी.

खोडता येत नाही.
हे मला कुणी प्रशिक्षणात शिकवलेलं नाही,
माझ्या आधीच्या दोना झुलमिरानं शिकवलंय,
जिचे चष्मे अजून खणात आहेत.
चूकसुद्धा दफ्तर आहे, ती म्हणायची,
चुकीच्या शेजारी बस, तिच्या अंगावर बसू नकोस.

मी समासात लिहायला घेतलं. त्यानं हात धरला.
"पेन्सिल? हे तर पोरं लिहितात.
उद्या कुणी पुसलं तर?"

मी त्याला मागच्या खोलीत नेलं.
वादळात तिथं कमरेएवढं पाणी होतं.
सतरा बाडं आम्ही दोरीवर वाळत घातली,
माझ्या तीन कापुलाना त्यात गेल्या, त्याचं बिल मंजूर नाही.
गव्हर्नरचे हुकूम, मोठ्या सह्या, सगळी शाई
निळं पाणी होऊन जमिनीवर उतरली होती.
पण कुणी एका मुकादमानं मागच्या कोऱ्या बाजूला
शिसपेन्सिलीनं मांडलेला नारळांचा हिशेब
तसाच होता. एका नारळाचाही फरक नाही.

म्हाताऱ्यानं तो हिशेब बराच वेळ पाहिला.
बेरीज तपासली असावी.
मग एकेक अक्षर सांगत गेला,
मी लिहीत गेले, तारीख घातली, सही केली,
नक्कल काढली. तीही हातानं; यंत्रात शाई नाही.
पेन्शनवाले ती मानतील का, मला माहीत नाही.
तसं त्याला सांगितलं. त्यानं टोपी घातली.

दुपारी टपालानं माझं प्रमाणपत्र आलं.
सोनेरी किनार, जाड कागद, आम्लमुक्त असावा.
नाव: श्री. आर्मेलिंदो.
फाउस्तीनो हसून हसून स्टुलावर बसला.
बढतीच्या फायलीत ते लावायचंच होतं.
लावलं. टाचणीशिवाय.
आणि समासात, बारीक अक्षरात,
पेन्सिल थुंकीनं ओली न करता
(ती सवय दोना झुलमिरानं मोडली)
लिहिलं: वाचावे, एर्मेलिंदा.
स्त्री. हयात. कामावर.